साठच्या खाली ढोल नाही

त्या वर्षी लेस्टरमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीत तीन ढोल राहत होते. एक पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत, एक खिडकीखाली, आणि तिसरा दाराला इतका खेटून की आत शिरताना पोट आत ओढून घ्यावं लागायचं. तिसऱ्यावर मी केटल ठेवली होती. पाणी उकळायला लागलं की तो ढोल आतल्या आत गुणगुणायचा. मी पोहे त्याच्यावरच बशी ठेवून खायचे.

ढोल माझे नव्हते. ते जप्त केलेले होते, आणि जप्त करणारी मी होते.

आमचं विद्यापीठांतल्या मराठी मुलामुलींचं ढोल-ताशा पथक होतं. लेस्टर, नॉटिंगहॅम, लंडन आणि केंब्रिज अशा चार शहरांत चार शाखा. त्यात इथेच जन्मलेली मुलं होती, पुण्या-मुंबईहून मास्टर्सला आलेली होती, आणि नागपूरहून पीएचडीला आलेली मी होते, सगळ्यांत थोराड. ईस्टरच्या सुट्टीआधी चारही शाखांचं संमेलन व्हायचं आणि प्रत्येक शाखेला वाजवायला दहा मिनिटं मिळायची. त्या दहा मिनिटांसाठी आम्ही वर्षभर जीव टाकायचो.

पथक सुरू झालं तेव्हा इथल्या आईवडिलांनी एकमुखाने विचारलं होतं, की ते सगळं ठीक, पण अभ्यासाचं काय. त्यांची तोंडं बंद करायला पहिल्या मुलांनी एक नियमावली लिहून काढली, आणि तिच्यातलं पहिलंच कलम होतं: साठच्या खाली ढोल नाही. प्रत्येक शाखेत एक अभ्यासप्रमुख असायचा. निकाल लागला की वाजवणाऱ्याने आपले मार्क फोनवर त्याला दाखवायचे. सरासरी साठच्या खाली गेली, तर सगळ्यांसमोर त्याच्या ढोलाच्या दोऱ्या सैल करायच्या आणि तो ढोल पुढच्या निकालापर्यंत अभ्यासप्रमुखाच्या खोलीवर राहणार. संमेलनात त्या माणसाने बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या.

साठ म्हणजे काय, हे मात्र मी नागपूरला आईला कधीच नीट समजावू शकले नाही. इथे साठ म्हणजे चांगले मार्क, सत्तर म्हणजे फारच चांगले, आणि ऐंशी कुणाला पडले तर लोक त्याच्याकडे जरा संशयानेच बघतात. आई फोनवर सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ते असू दे. पण उरलेले चाळीस कुठे गेले?"

मला नियम आवडतात. दुसऱ्यांसाठी असले तर फारच. त्यामुळे मला अभ्यासप्रमुख केलं तेव्हा मी कुणी एखादं संस्थान हाती द्यावं तशी कारभाराला लागले. दर रविवारी दुपारी सराव असायचा, एका शाळेच्या बॅडमिंटन हॉलमध्ये. मी जाहीर केलं की सरावाला यायचं असेल तर त्याआधी सकाळी दोन तास माझ्या डोळ्यांसमोर लायब्ररीत बसायचं. देशी दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवरून आणलेल्या श्रीखंडाचा एक मोठा रिकामा डबा माझ्याकडे होता. लायब्ररीच्या दारात मी तो पुढे करायचे आणि सगळे निमूटपणे त्यात आपापले फोन टाकायचे. कितीही धुतला तरी त्या डब्याचा वेलचीचा वास गेला नाही. वर्षभर आमच्या सगळ्यांचे फोन श्रीखंडासारखे घमघमत होते.

जानेवारीच्या निकालात तीन जण साठच्या खाली गेले. त्यातली एक मुलगी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती लेस्टरमध्येच जन्मलेली, आईवडिलांच्या घरून कॉलेजला येणारी, आणि पथकातली सगळ्यांत जोरकस ढोल वाजवणारी. तिला अठ्ठावन्न होते.

"ताई, टू मार्क्स ओन्ली," ती म्हणाली. "माझा टोन्सिल झाला होता एक्झामला. तू आली होतीस ना बघायला? सूप घेऊन?"

"आले होते."

"मग? जस्ट राउंड अप कर ना."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणाले. "राग मानू नकोस."

तिने राग मानला. तिचा ढोल मी स्वतः सैल केला. दोऱ्या ओढून काढताना ती माझ्या हातांकडे बघत उभी होती, आणि खरं सांगायचं तर मला त्या वेळी स्वतःचा अभिमान वाटत होता. पलंग आणि भिंतीच्या मधे अडकलेला ढोल तिचाच.

आता माझी भानगड सांगायला हवी. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होते. विषय होता नदीच्या गाळात साठणारं प्लास्टिक. दोन वर्षं मी गमबूट घालून आमच्या सोर नदीत उतरून बाटल्याच्या बाटल्या गाळ गोळा केला होता. गाळ तयार होता, आकडे तयार होते, फक्त लिहायचं होतं. तिसरं प्रकरण मी सप्टेंबरात लिहायला घेतलं. फेब्रुवारी उजाडला तेव्हा त्या फाइलमध्ये शीर्षक होतं, माझं नाव होतं, आणि "गाळ हा" एवढे दोन शब्द इंग्रजीत होते. गाळ हा काय, ते पाच महिन्यांत मला सुचलं नव्हतं.

पीएचडीला कुणी मार्क देत नाही. रोज कुणी हजेरी घेत नाही. माझी सुपरवायझर वेल्सची, मायाळू बाई. ती महिन्याला एकदा भेटायची आणि कसं चाललंय म्हणून विचारायची. मी "होत आलंय" म्हणायचे. आईलाही तेच सांगायचे आणि पथकातल्या मुलांनाही तेच. सकाळी फाइल उघडली की मी ती लगेच बंद करून मुलांच्या अभ्यासाचं वेळापत्रक करायला बसायचे. ते तीन रंगांत असायचं. सगळं सोडून नागपूरला परत जावं, हा विचार मी जवळजवळ पक्का केला होता. कुणाला सांगायचं कसं, एवढंच ठरत नव्हतं.

संमेलनाच्या पाच आठवडे आधी तपासणी व्हायची. एका शाखेच्या अभ्यासप्रमुखाने दुसऱ्या शाखेत जाऊन मार्क तपासायचे, म्हणजे कुणी आपल्या माणसाला सांभाळून घेणार नाही. त्या वर्षी आमच्याकडे केंब्रिजचा मुलगा आला. केंब्रिजच्या शाखेत एकालाही सत्तरच्या खाली मार्क नव्हते, आणि दोन जणांचा ठेकाही कधी एकत्र पडत नव्हता. हा मुलगा पुण्याचा, गणित शिकणारा. रविवारी सकाळी ट्रेनने आला, हॉलमधल्या घडीच्या खुर्चीवर ताठ बसला आणि एकेकाचा फोन बघून वहीत बारीक अक्षरात टिपू लागला. मी शेजारी उभी राहून, लग्नासाठी मुलगी दाखवताना सांगावं तसं एकेकाचं कौतुक सांगत होते.

सगळे संपले. त्याने वही मिटली नाही.

"आणि ताई, तुमचे?"

"माझे काय?"

"तुम्ही ताशा वाजवता ना? नियमावलीत 'वाजवणारा प्रत्येक जण' असं आहे."

"पीएचडीला मार्क नसतात," मी हसून म्हणाले.

"हो, मला माहितेय. पण मोजण्यासारखं काहीतरी असेलच," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जराही खवचटपणा नव्हता. त्याला खरोखरच कुतूहल होतं. "सप्टेंबरपासून किती पानं झाली?"

हॉलमध्ये वीस जण होते. तपासून झालेले सगळे फोन परत डब्यात गेले होते, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघत होते. मी तोंड उघडलं ते "होत आलंय" म्हणायलाच. पण कसं कोण जाणे, वेगळंच बाहेर पडलं.

"शून्य," मी म्हणाले. "दोन शब्द झालेत."

 मग ती कायद्याची मुलगी फसकन हसली. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण उपयोग झाला नाही. तिच्या पाठोपाठ झांजवाली हसली, मग सगळा हॉल हसायला लागला, काही जण तर खाली बसले. "कुठले टू वर्ड्स?" कुणीतरी विचारलं आणि मी सांगितले, तेव्हा तर कहरच झाला. आणि मीही हसत होते. पोटात कळ येईपर्यंत हसले. पाच महिने जी गोष्ट मी उराशी दडवून ठेवली होती ती वीस जणांसमोर पडली होती आणि मला इतकं हलकं वाटत होतं की मला नाचावंसं वाटलं.

नियम मात्र नियम होता. केंब्रिजच्या मुलाने तिथल्या तिथे फळ्यावर माझ्यासाठी सूत्र मांडलं. मी निदान तीस पानांचं प्रकरण सुपरवायझरला द्यायचं. तिने त्यातली जितकी पानं ठेवली, त्यांना दिलेल्या पानांनी भागायचं आणि शंभरने गुणायचं. तोपर्यंत ताशा जप्त. अभ्यासप्रमुखाचाच ताशा जप्त झाला तर तो कुणाकडे ठेवायचा, हे नियमावलीत नव्हतं. मतदान झालं. एकमताने तो त्या अठ्ठावन्नवालीकडे गेला. तिने तो गळ्यात अडकवला, माझ्या हातातला श्रीखंडाचा डबा काढून घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"फोन प्लीज, ताई."

त्यानंतरचे पाच आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. रोज सकाळी नऊला ती लायब्ररीच्या दारात डबा घेऊन उभी असायची. मला समोर बसवायची आणि स्वतः करारांच्या कायद्यावरचा निबंध लिहायला घ्यायची, कारण तो चांगला झाला तरच तिची सरासरी साठच्या वर जाणार होती. अकरा वाजता पाच मिनिटांची सुट्टी, तेवढ्यापुरता फोन मिळायचा. त्यात तिने पाठवलेला ताशाचा फोटो असायचा. एकदा तो त्यांच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या बाटल्यांशेजारी. एकदा कपडे वाळत घालायच्या स्टँडवर, तिच्या वडिलांच्या मोज्यांच्या मधे. एकदा गाडीच्या मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून. खाली लिहिलेलं, "ही इज सेफ. आज चार पानं दे."

मी चिडायचे. मी दिवसातून दोनदा तिच्यावर डाफरायचे की मी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे. ती मान डोलवायची आणि पेन माझ्या हातात द्यायची. पहिल्या दिवशी मी अर्धं पान लिहिलं आणि ते इतकं भिकार होतं की फाडायला घेतलं. तिने ते माझ्या हातातून ओढलं आणि वाचायला लागली.

"म्हणजे काय, नदी प्लास्टिक विसरत नाही?"

"पूर आला की खालचा गाळ वर येतो. वीस वर्षांपूर्वी टाकलेलं पुन्हा वर."

"शट अप," ती म्हणाली. "मग तेच लिही ना. असाच लिही जसा मला सांगितलास."

मी तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी दोन पानं झाली, तिसऱ्या दिवशी चार. मी लिहायचे, ती वाचायची आणि जिथे कंटाळा आला तिथे पेन्सिलीने झोपलेल्या माणसाचं चित्र काढायची. मीही तिचा निबंध वाचला आणि तिथे झोपलेल्या म्हशी काढल्या. आम्ही इतक्या खिदळायचो की शांततेच्या मजल्यावरून आम्हाला दोनदा बाहेर काढलं. चौतीस पानं झाली त्या दिवशी तिने ती हातात तोलून बघितली आणि म्हणाली, "हेवी आहे, ताई." मला एकदम रडू आलं. ते गाळाचं प्रकरण कुणाला जड वाटेल असं मला वाटलंच नव्हतं.

संमेलनाच्या आठवड्यात तिचा निबंध परत आला. सरासरी एकसष्ट झाली. मी पलंगामागून तिचा ढोल ओढून काढला, दोघींनी मिळून हॉलच्या दारात बसून दोऱ्या ताणल्या, आणि तिने हातातल्या टिपरूचा पहिला फटका मारला तेव्हा शेजारच्या हॉलमधले कराटेवाले बघायला आले.

माझा निकाल शुक्रवारी दुपारी आला. माझी सुपरवायझर अजूनही कागदावर पेन्सिलीने तपासते आणि मग ते स्कॅन करून पाठवते. मला उघडायचा धीर होईना. मी फोन त्या कायद्याच्या मुलीच्या हातात दिला. ती एकेक पान सरकवत मोजायला लागली. काही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ होती, ती पानं गेली. काहींच्या समासात बारीक टिपणं होती, ती राहिली. एका पानावर फक्त "हो!" असं लिहिलं होतं. ते पुराचं पान होतं.

"चौदा कट," ती म्हणाली. "वीस कीप." मग तिने कॅल्क्युलेटर काढला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "फिफ्टी एट पॉइंट एट."

मी कॅल्क्युलेटर घेऊन तोच भागाकार पुन्हा केला. तेच आलं.

"पॉइंट एट आहे ना," ती हळूच म्हणाली. "मी राउंड अप करते. फिफ्टी नाइन."

मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून खो-खो हसलो. जाणारे-येणारे वळून बघत होते. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "सॉरी, ताई. नियम म्हणजे नियम. राग मानू नको."

शनिवारी संमेलनाला केंब्रिजचा मुलगा सकाळीच माझ्याकडे आला. शुक्रवारी मी त्याला तो स्कॅन पाठवला होता; त्याने रात्रभर विचार केला असावा. "ताई, संदर्भसूचीची दोन पानं दोन्हीकडे धरली नाहीयेत तुम्ही. ती धरली तर बावीस भागिले छत्तीस होतात. एकसष्ट येतात."

खोटं कशाला सांगू, माझा जीव त्या दोन पानांत अडकला. ताशा पाच पावलांवर होता. मी वर्षभर त्या दहा मिनिटांची वाट बघितली होती. मी हो म्हणणारच होते. पण ती मुलगी कमरेला ढोल बांधून समोर उभी होती, आणि तिच्या टॉन्सिल्ससाठी मी दोन मार्कांचीही सूट दिली नव्हती, ते आम्हा दोघींना माहीत होतं.

"संदर्भसूची मी लिहिलेली नाही," मी त्याला म्हणाले. "ती सॉफ्टवेअरने केलीय. बाटल्या कुठे ठेवल्यात?"

मग प्रश्न आला की ताशा कोण वाजवणार, कारण ताशाशिवाय ढोलांना उठवणार कोण. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ती मुलगी लाल झाली.

"मी करू शकते," ती म्हणाली. "ताशा घरी होता ना, फाइव्ह वीक्स. मी रोज वाजवत होते. गॅरेजमध्ये. ममाला विचार, ती वेडी झाली."

तिने आपला ढोल सोडून दुसऱ्या एकीला बांधला आणि ताशा गळ्यात घातला. मी सहा बाटल्या छातीशी धरून हॉलच्या कडेला उभी राहिले. तोवर मी आमचं पथक कधी बाहेरून ऐकलंच नव्हतं. आत असलं की आपलाच ताशा कानात असतो. तिच्या काड्या तडतडल्या, माझीच सुरुवात, पण जरा जास्त घाईची, जरा जास्त उद्धट, आणि मग सगळे ढोल एकदम पडले. जमीन पायांतून वर आली. बाटल्यांमधलं पाणी थरथरत होतं. पुढचं सगळं मी तोंड उघडं टाकून ऐकलं आणि मधेच ओरडले, नागपूरला ओरडायचे तशी. शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी मला विचारलं, "तुम्ही नाही वाजवत?" मी म्हणाले, "नाही हो, मी नापास आहे." आणि हे सांगताना माझा चेहरा एवढा फुललेला होता की काका दोन पावलं बाजूला सरकले.

ताशा नियमाप्रमाणे तिच्याकडेच राहिला. जाताना तिने तो गाडीत सीटबेल्ट लावून बसवला, काच खाली करून म्हणाली, "मंडे, नाइन ओ'क्लॉक," आणि निघून गेली. मी कार पार्कात उभी राहून आईला फोन लावला.

"वाजवलंस का छान?" आईने विचारलं.

"नाही वाजवू दिलं. मार्क कमी पडले."

"तुला? किती पडले?"

"एकोणसाठ."

 आई पुढे काय विचारणार हे मला माहीत होतं आणि तिने तेच विचारलं. "आणि एकेचाळीस कुठे गेले गं?"

"ते गेले, आई," मी म्हणाले. "पण वीस पानं राहिलीत. मी सप्टेंबरपासून तुला खोटंच सांगत होते, काहीच होत आलं नव्हतं. मी परत येणार होते. आता वीस पानं आहेत."

 माझ्या हातात रिकाम्या बाटल्या होत्या आणि मी रडत होते, हसतही होते.

"वीस म्हणजे पुष्कळ झाली की," आई म्हणाली. "एक वाचून दाखव बरं."

मी बाटल्या खाली ठेवल्या, फोनवर ते पुराचं पान उघडलं आणि तिथेच कार पार्कात, मराठीत सांगत सांगत, तिला वाचून दाखवलं.